संदर्भ म्हणजे पत्ता : शोधनिबंधाची संदर्भसूची करताना घ्यावयाची काळजी

प्रतिनिधी, मुंबई

घोडपदेव परिसरात एखाद्याचे घर शोधायचे, तर गल्लीचे नाव, चाळ किंवा इमारत, मजला, खोली क्रमांक आणि शेवटी 'मुंबई ४०० ०३३' एवढा तपशील हाताशी असावा लागतो. खोली क्रमांक चुकला, तर पत्र शेजाऱ्याच्या दारात पडते. इमारतीचे नाव चुकले, तर ते पाठविणाऱ्याकडे परत येते. शास्त्रीय शोधनिबंधाच्या शेवटी दिलेली संदर्भसूची ही अशाच पत्त्यांची यादी असते. निबंधात केलेले विधान कोणत्या पुराव्यावर उभे आहे, हे वाचकाला त्या पत्त्यावर जाऊन स्वतः पाहता यावे, एवढाच तिचा हेतू. स्वल्पविराम कुठे आणि पूर्णविराम कुठे याचे नियम त्यानंतर येतात.

घोडपदेवच्या एका अंगाला भायखळ्याचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व जे. जे. रुग्णालय, तर दुसऱ्या अंगाला परळची के. ई. एम. रुग्णालय, हाफकिन संस्था व टाटा स्मारक रुग्णालय ही संशोधनाची मोठी केंद्रे आहेत. त्यामुळे या पट्ट्यातील टंकलेखनाच्या व झेरॉक्सच्या दुकानांना प्रबंधांचे काम नवे नाही. मात्र बहुतेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत संदर्भसूचीचे काम शेवटच्या एक-दोन रात्रींवर ढकलले जाते. मग कुणा ज्येष्ठाच्या प्रबंधातील यादी उचलली जाते, क्रमांक पुढे-मागे होतात आणि निबंध नियतकालिकाकडून दुरुस्तीसाठी परत येतो. हे टाळायचे असेल, तर संदर्भ म्हणजे काय, तो कसा लिहावा आणि तो देण्यापूर्वी काय पाहावे, हे आधीच माहीत असलेले बरे.

परळमधील एक संदर्भ

नियम समजून घेण्यासाठी उदाहरण याच भागातले घेऊ. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया या परळच्या संशोधकांनी इंग्लंडमधील चार शास्त्रज्ञांसह एका अपूर्व रक्तगटाची माहिती 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध केली. आज जगभर तो 'बॉम्बे रक्तगट' म्हणून ओळखला जातो. नेहमीच्या तपासणीत या व्यक्तींचे रक्त 'ओ' गटाचे भासते. परंतु त्यांच्या तांबड्या पेशींवर 'ओ' गटात आढळणारे 'एच' हे प्रतिजनही नसते. साहजिकच त्यांना 'ओ' गटाचेही रक्त चालत नाही, केवळ बॉम्बे गटाचेच लागते.

या निबंधाचा संदर्भ वैद्यकीय नियतकालिकांत रूढ असलेल्या पद्धतीने असा लिहिला जातो (प्रत्यक्षात तो रोमन लिपीत असतो, येथे वाचकांच्या सोयीसाठी देवनागरीत दिला आहे) :

भेंडे वायएम, देशपांडे सीके, भाटिया एचएम, सँगर आर, रेस आरआर, मॉर्गन डब्ल्यूटी, इत्यादी. ए "न्यू" ब्लड ग्रुप कॅरेक्टर रिलेटेड टू द एबीओ सिस्टिम. लॅन्सेट. १९५२;१(६७१४):९०३-४.

या एका ओळीत पत्त्याचे सर्व भाग आहेत. प्रथम लेखकांची नावे, मग निबंधाचे शीर्षक, नियतकालिकाचे नाव, वर्ष, खंड, कंसात अंक आणि शेवटी पृष्ठे. आडनावानंतर आद्याक्षरे येतात, ती ठिपके व मोकळी जागा न सोडता. निबंधाचे लेखक सात आहेत. सहापेक्षा अधिक लेखक असल्यास पहिली सहा नावे देऊन 'इत्यादी' या अर्थाची लॅटिन संज्ञा 'एट अल' लिहिण्याचा प्रघात असल्याने सातव्या लेखिका विनिफ्रेड वॉटकिन्स यांचे नाव येथे दिसत नाही. काही नियतकालिके मात्र पहिल्या तीन नावांनंतरच थांबतात, तर काही सर्व नावे मागतात.

वर्षानंतर अर्धविराम, खंडानंतर कंसात अंक आणि पृष्ठांपूर्वी अपूर्णविराम, हा क्रम लक्षात ठेवावा. '९०३-४' याचा अर्थ ९०३ ते ९०४. पुन्हा येणारे आकडे गाळले जातात. त्या काळी 'लॅन्सेट'चे दर वर्षी दोन खंड निघत आणि प्रत्येक वर्षी क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होई. म्हणजे केवळ 'खंड १' म्हटल्याने काहीच बोध होत नाही. वर्ष चुकले, की पत्ताच हरवला.

शीर्षकातील 'न्यू' या शब्दाभोवती अवतरणचिन्हे आहेत, ती मूळ लेखकांची आहेत. गट खरोखरच नवा म्हणावा का, याविषयीचा त्यांचा सावधपणा त्यातून दिसतो. शीर्षक आपल्या सोयीने बदलू नये, सुधारू नये, हे सांगायला एवढे उदाहरण पुरेसे आहे.

दोन प्रमुख पद्धती

जगभर संदर्भ देण्याच्या शेकडो शैली असल्या, तरी त्यांची मुख्य घराणी दोनच. पहिली क्रमांकाची आणि दुसरी लेखक-वर्षाची.

क्रमांक पद्धतीला वैद्यकक्षेत्रात 'व्हँकुव्हर शैली' म्हणतात. १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक एकत्र आले. प्रत्येक नियतकालिकाची मांडणी वेगळी असल्याने एकाकडून नाकारलेला निबंध दुसऱ्याकडे पाठविताना लेखकाला तो पुन्हा टंकलिखित करावा लागे. संगणकापूर्वीच्या काळात हा त्रास मोठा होता. या संपादकांनी ठरविलेले समान नियम १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे या गटाची वैद्यकीय नियतकालिक संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती झाली. संदर्भांचा तपशीलवार नमुना अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने सिद्ध केला असून आजही तोच प्रमाण मानला जातो.

या पद्धतीत निबंधात ज्या क्रमाने संदर्भ प्रथम येतात, त्या क्रमाने त्यांना १, २, ३ असे क्रमांक मिळतात आणि सूचीही त्याच क्रमाने लागते. तोच संदर्भ पुन्हा आला, तर जुनाच क्रमांक वापरायचा. तक्त्यात किंवा आकृतीखाली दिलेल्या संदर्भाचा क्रमांक, तो तक्ता मजकुरात प्रथम जेथे उल्लेखिला असेल, त्या जागेवरून ठरतो. नेमकी हीच गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते.

लेखक-वर्ष पद्धतीला 'हार्वर्ड शैली' हे नाव आहे. हार्वर्ड विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ मध्ये गोगलगायीच्या एका जातभाईवरील निबंधात कंसात लेखक व वर्ष देण्याची रीत वापरली. तेथून ती रूढ झाल्याचे मानले जाते. मानसशास्त्र, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र या विषयांत वापरली जाणारी अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची शैली याच घराण्यातील. तिची पहिली नियमावली १९२९ मध्ये आणि सातवी आवृत्ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. या पद्धतीत मजकुरात '(भेंडे व इतर, १९५२)' असे लिहून शेवटची सूची आडनावांच्या वर्णानुक्रमे लावतात.

कोणती पद्धत श्रेष्ठ, हा वाद निरर्थक आहे. ज्या नियतकालिकाकडे निबंध पाठवायचा, त्याची पद्धत वापरावी. परळच्याच सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालयाच्या अध्यापक संघटनेतर्फे १९५५ पासून 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' हे नियतकालिक प्रसिद्ध होते. अशा प्रत्येक नियतकालिकाच्या 'लेखकांसाठी सूचना' असतात. त्या वाचाव्यात आणि सोबत त्याच नियतकालिकाच्या ताज्या अंकातील एक निबंध समोर ठेवावा. अनेक भारतीय वैद्यकीय नियतकालिके अंकाचा क्रमांक गाळून 'लॅन्सेट १९५२;१:९०३-४' एवढेच छापतात. खंडभर पृष्ठांचे क्रमांक सलग असतील, तर अंक गाळण्याची मुभा नियमांतच आहे. अलीकडे काही प्रकाशक पहिल्यांदा निबंध पाठविताना विशिष्ट मांडणीचा आग्रह धरत नाहीत. तपशील पूर्ण आणि सर्वत्र एकसारखा असावा, एवढीच त्यांची अट असते.

नावांचा घोळ

मराठी नावात स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो. संदर्भात आडनाव प्रथम आणि नंतर दोन्ही आद्याक्षरे येतात. एखाद्याने आपल्या एका निबंधावर एकच आद्याक्षर आणि दुसऱ्यावर दोन दिली, तर शोधयंत्राच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या व्यक्ती होतात. कुलकर्णी, जोशी, पाटील, शिंदे अशी आडनावे हजारोंची असल्याने गोंधळात भर पडते. दक्षिणेतील अनेकांना आडनावच नसते. तेथे नाव कोणते आणि आद्याक्षर कोणते, हे मूळ निबंधावर पाहूनच ठरवावे, अंदाजाने नव्हे.

विवाहानंतर आडनाव बदलणाऱ्या स्त्री संशोधकांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी यांचे उदाहरण बोलके आहे. १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली, तेव्हा त्या कमला भागवत होत्या. वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकरावर रॉबिन हिल यांच्यासह 'नेचर'मध्ये त्याच वर्षी आलेला त्यांचा लेख 'भागवत' या नावाने आहे. १९४७ मध्ये विवाहानंतर त्या मुंबईला आल्या आणि येथील विज्ञान संस्थेत त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी नीरा आणि अन्य खाद्यपदार्थांवर केलेले काम 'सोहोनी' या नावाशी जोडलेले आहे. त्यांचे एकूण कार्य शोधणाऱ्याने एकाच नावावर विसंबून राहिल्यास अर्धे आयुष्य निसटते.

अशा वेळी संदर्भ देणाऱ्याने नियम एकच पाळावा : निबंधावर जे नाव छापले आहे, तेच लिहावे. आपल्याला ठाऊक असलेले नंतरचे नाव तेथे घालू नये. संशोधकाने स्वतःसाठी मात्र २०१२ पासून उपलब्ध असलेला 'ऑर्किड' हा सोळा अंकी विनामूल्य ओळखक्रमांक घ्यावा. नाव बदलले तरी तो बदलत नाही.

पुस्तके, प्रबंध आणि मराठी साधने

पुस्तकाच्या संदर्भात लेखक, पुस्तकाचे नाव, आवृत्ती, प्रकाशनस्थळ, प्रकाशक व वर्ष हा क्रम असतो. संपादित ग्रंथातील एका प्रकरणाचा आधार घेतला असल्यास प्रकरणाचा लेखक व शीर्षक आधी, नंतर संपादक व ग्रंथ, आणि शेवटी प्रकरणाची पृष्ठे द्यावीत. नुसते जाडजूड पाठ्यपुस्तक दाखवून वाचकाला हजार पाने चाळायला लावणे हा संदर्भ नव्हे. आवृत्तीही महत्त्वाची, कारण दोन आवृत्त्यांत मजकूर बदललेला असू शकतो. प्रबंधाच्या बाबतीत विद्यापीठ व वर्ष द्यावे. देशातील अनेक विद्यापीठांचे प्रबंध आता 'शोधगंगा' या संग्रहात वाचता येतात.

प्रकाशनस्थळ पुस्तकावर छापले असेल तसेच लिहावे. १९९५ पूर्वीच्या इंग्रजी पुस्तकावर 'बॉम्बे' असेल, तर सूचीतही 'बॉम्बे'च येते. ते 'मुंबई' करण्याचा मोह टाळावा, कारण ग्रंथालयाच्या नोंदीत शोधणाऱ्याला ते पुस्तक जुन्याच नावाखाली सापडणार असते. जुन्या मराठी पुस्तकांवर शके असते. त्यात ७८ मिळविले, की साधारणपणे इसवी सन येते. शके १८२० म्हणजे १८९८. मात्र शकाचे वर्ष चैत्रात सुरू होत असल्याने पौष ते फाल्गुन या काळातील प्रकाशनासाठी बहुधा ७९ मिळवावे लागतात.

इंग्रजी निबंधात मराठी लेखाचा संदर्भ द्यायचा असेल, तर शीर्षकाचे इंग्रजी भाषांतर चौकोनी कंसात देऊन शेवटी 'मराठी' अशी भाषेची नोंद करतात. मराठीतील साधन आहे म्हणून ते सूचीतून वगळण्याचे काहीच कारण नाही. आरोग्यविषयक स्थानिक अहवाल, जुन्या मासिकांतील नोंदी हा संशोधनाचा अस्सल कच्चा माल असतो.

संकेतस्थळाचा संदर्भ देताना पान केव्हा पाहिले, ती तारीख लिहिणे आवश्यक आहे. संकेतस्थळे बदलतात, बंद पडतात. खाजगी पत्रव्यवहार वा तोंडी माहिती सूचीत घेत नाहीत. अगदी अपरिहार्य असेल, तर संबंधिताची लेखी परवानगी घेऊन मजकुरातच कंसात उल्लेख करतात. स्वीकारला गेलेला पण अप्रकाशित निबंध 'छपाईच्या मार्गावर' अशा अर्थाच्या नोंदीसह देता येतो. नुसता पाठविलेला, निर्णय न झालेला निबंध मात्र नाही.

पिनकोड आणि डीओआय

गिरणगावातील चाळी पडून टॉवर उभे राहिले आणि 'गिरणीसमोरची चाळ' या पत्त्याला अर्थ उरला नाही. टिकून राहिला तो पिनकोड. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या या सहा अंकी क्रमांकाचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी होते. संस्कृत कवी म्हणूनही ते प्रसिद्ध आहेत. एकाच नावाची अनेक गावे, वेगवेगळ्या लिपी आणि चुकीचे शुद्धलेखन यांतून पत्र योग्य टपाल कार्यालयापर्यंत पोचावे, हा त्यामागचा हेतू होता.

शोधनिबंधांच्या जगात हेच काम डीओआय करतो. त्याला अंकीय वस्तूची कायमची ओळख म्हणता येईल. २००० मध्ये प्रकाशकांनी एकत्र येऊन स्थापलेली 'क्रॉसरेफ' ही संस्था नियतकालिकांसाठी हे क्रमांक नोंदविते. प्रकाशकाने संकेतस्थळ बदलले, तरी डीओआय तोच राहतो आणि वाचकाला नव्या जागी पोचवितो. जुन्या अंकांनाही नंतर असे क्रमांक देण्यात आले असून भेंडे यांच्या १९५२च्या निबंधालाही तो मिळाला आहे. अनेक नियतकालिके आता प्रत्येक संदर्भाच्या शेवटी डीओआय मागतात. तो हाताने टंकलिखित करू नये, निबंधाच्या पानावरून जसाच्या तसा उचलावा. एक अंक चुकला, तर भलताच निबंध उघडतो.

संगणकाची मदत

२००६ पासून विनामूल्य उपलब्ध असलेले 'झोटेरो', तसेच 'मेंडेली' व 'एंडनोट' या आज्ञावली संदर्भांचा साठा ठेवतात, मजकुरात क्रमांक घालतात आणि नियतकालिक बदलले, की सारी सूची नव्या शैलीत करून देतात. मध्येच एक परिच्छेद वाढविला, तर पुढचे सर्व क्रमांक आपोआप सरकतात. 'पबमेड' या विनामूल्य सूचीत प्रत्येक नोंदीपाशी तयार संदर्भ उचलण्याची सोय आहे.

मात्र आज्ञावली आयात केलेला तपशील तसाच वापरते. शीर्षक सर्व मोठ्या अक्षरांत आले असेल, आडनाव व नाव यांची अदलाबदल झाली असेल, पृष्ठे गळाली असतील, तर तीच चूक सुबक मांडणीत छापली जाते. म्हणून प्रत्येक नोंद साठ्यात घेतानाच मूळ निबंधाशी ताडून पाहावी.

न वाचलेला संदर्भ

मांडणीतील चूक डोळ्यांना दिसते. त्याहून घातक चूक दिसत नाही, ती म्हणजे मूळ निबंध न वाचता दिलेला संदर्भ.

१९८० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये जेन पोर्टर व हर्शल जिक यांचे केवळ पाच वाक्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य वेदनाशामके दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी व्यसनाची नोंद केवळ चौघांत आढळली, असे त्यात म्हटले होते. पुढील काळात या पत्राचा हवाला देऊन ही औषधे दीर्घकाळ घेतली तरी व्यसन लागत नाही, असे सांगितले जाऊ लागले. २०१७ मध्ये कॅनडातील संशोधकांनी त्याच नियतकालिकात याचा हिशेब मांडला. त्यांना पत्राचे ६०८ उल्लेख आढळले. त्यांतील ४३९ लेखकांनी ते व्यसन दुर्मिळ असल्याचा पुरावा म्हणून वापरले होते आणि ४९१ जणांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते, ही कळीची बाब सांगितलीच नव्हती. अमेरिकेतील अफूजन्य औषधांच्या संकटाला या उसन्या हवाल्याने हातभार लावला, असा त्यांचा निष्कर्ष होता. पाच वाक्ये वाचायला एक मिनिटही लागत नाही.

दुसरे उदाहरण विनोदी वाटेल. एका बड्या प्रकाशकाने लेखकांसाठीच्या नमुन्यात संदर्भ कसा लिहावा, हे दाखविण्यासाठी 'शास्त्रीय लेख लिहिण्याची कला' अशा अर्थाचा एक काल्पनिक निबंध छापला होता. असा निबंध कधीच लिहिला गेला नव्हता. तरीही सुमारे चारशे शोधनिबंधांच्या सूचींत तो खरा संदर्भ म्हणून शिरला. २०१७ मध्ये हा प्रकार चर्चेत आला. नमुन्यावर आपली सूची चढविताना नमुन्यातील ओळ पुसायची राहून गेली, हे बहुतेक ठिकाणचे कारण असावे. पण लेखक, समीक्षक, संपादक यांपैकी कुणीच ती ओळ तपासली नाही, हे त्यातून उघड झाले.

संभाषण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने २०२२च्या अखेरीस सर्वांच्या हाती आल्यापासून हा धोका अनेक पटींनी वाढला आहे. ही साधने खऱ्या लेखकांची नावे, खऱ्या नियतकालिकाचे नाव, वर्ष, खंड, पृष्ठे असा बिनचूक मांडणीचा पण अस्तित्वातच नसलेला संदर्भ तयार करून देऊ शकतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील एका खटल्यात अशा साधनाने रचलेले खोटे निवाडे सादर केल्याबद्दल वकिलांना पाच हजार डॉलर दंड झाला. वैद्यकीय संपादकांच्या समितीनेही अशा साधनाने तयार केलेला मजकूर मूळ पुरावा म्हणून देणे मान्य नसल्याचे स्पष्ट केले आहे. पूर्वी चुकीची मांडणी ही निष्काळजीपणाची खूण मानली जाई. आता मांडणी निर्दोष असणे ही खरेपणाची खूण राहिलेली नाही, हे समीक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

मूळ निबंध मिळत नसेल, तर दुसऱ्याच्या लेखातून घेतलेला हवाला तसा स्पष्ट सांगावा. मुंबई व कराची येथे काम केलेले पॉल-लुई सिमाँ यांनी प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो, हे १८९८ मध्ये फ्रेंच भाषेत मांडले. फ्रेंच येत नसताना तो निबंध आपण वाचल्याचे भासविण्यापेक्षा, ज्या इंग्रजी वा मराठी लेखातून माहिती घेतली, त्याचा संदर्भ देणे अधिक प्रामाणिक ठरते. मूळ निबंध मिळविणे आता पूर्वीइतके अवघडही नाही. 'पबमेड सेंट्रल'वर लक्षावधी निबंध विनामूल्य आहेत. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या 'एक देश, एक वर्गणी' योजनेमुळे सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्थांतील विद्यार्थ्यांना तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके खुली झाली आहेत. योजनेत आपली संस्था आहे का, हे तेथील ग्रंथपालांना विचारावे.

मागे घेतलेले निबंध

काही निबंध प्रसिद्ध झाल्यावर सदोष वा खोटे ठरतात आणि नियतकालिक ते मागे घेते. गोवर-गालगुंड-रुबेला लस व स्वमग्नता यांचा संबंध सुचविणारा अँड्र्यू वेकफिल्ड व सहकाऱ्यांचा १९९८चा निबंध 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला. असा निबंध पुरावा म्हणून देता येत नाही. इतिहास वा टीका म्हणून उल्लेख करावाच लागला, तर 'मागे घेतलेला' अशी नोंद सूचीत हवी. 'पबमेड'वर तशी सूचना दिसते आणि 'झोटेरो'ही इशारा देते. 'रिट्रॅक्शन वॉच'ची सूची २०२३ पासून 'क्रॉसरेफ'मार्फत सर्वांसाठी खुली आहे.

संदर्भ दिला म्हणजे दुसऱ्याचा मजकूर शब्दशः उचलण्याचा परवाना मिळाला, असेही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि साम्य मोजताना संदर्भसूची धरली जात नाही. परंतु दुसऱ्याचे वाक्य घेतले, तर अवतरणचिन्हे आणि संदर्भ दोन्ही हवेत.

पाठविण्यापूर्वी पाहा

१. नियतकालिकाच्या सूचना वाचल्या का? संदर्भांच्या कमाल संख्येची मर्यादा पाळली का?

२. मजकुरातील प्रत्येक क्रमांक सूचीत आहे का, आणि सूचीतील प्रत्येक नोंद मजकुरात आली आहे का?

३. क्रमांक प्रथम उल्लेखाच्या क्रमाने आहेत का? तक्ते व आकृत्या धरल्या का?

४. नावे, आद्याक्षरे, वर्ष, खंड व पृष्ठे मूळ निबंधाशी ताडली का?

५. नियतकालिकांच्या नावांची संक्षिप्त रूपे प्रमाण सूचीनुसार आहेत का?

६. प्रत्येक डीओआय उघडून पाहिला का? तोच निबंध उघडतो का?

७. कोणताही निबंध मागे घेतलेला नाही ना?

८. ज्या वाक्याला संदर्भ जोडला, ते मूळ निबंधात खरोखर आहे का?

पहिल्या सात प्रश्नांत संगणक मदत करील. आठव्याचे उत्तर निबंध वाचणाऱ्यालाच देता येते आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच आहे.

बॉम्बे रक्तगटाचे प्रमाण भारतात साधारणपणे दहा हजारांत एक असे सांगितले जाते. अशा रुग्णाला रक्ताची गरज पडते, तेव्हा रक्तपेढीतील डॉक्टरांना अचूक माहिती हवी असते आणि ती एकमेकींना जोडलेल्या शेकडो निबंधांतून आलेली असते. त्या साखळीचे पहिले टोक परळमध्ये, १९५२च्या दोन पानांत आहे. आजही कुणी त्या ओळीतील वर्ष, खंड आणि पृष्ठ यांच्या आधारे गेला, तर नेमका तेथेच पोचतो. सत्तर वर्षांहून अधिक काळ तो पत्ता चुकलेला नाही, कारण प्रत्येक पिढीतील कुणीतरी तो नीट लिहिला आहे.